आधी भाकर, मग गाऱ्हाणे : मन खचलेले असताना ख्रिस्ती श्रद्धा कशी जगावी

कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया थोड्याच काळात जिवाच्या भीतीने पळत सुटतो, सोबतच्या सेवकाला वाटेत मागे ठेवतो, एकटाच रानात जातो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. बायबलमधील राजांच्या पहिल्या पुस्तकातील 19 व्या अध्यायात ही कथा आली आहे. देव त्याला उपदेश करत नाही किंवा त्याच्या विश्वासाची झडतीही घेत नाही. देवदूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो खाऊन पुन्हा झोपी जातो, आणि पुढची वाट त्याला झेपणार नाही म्हणून दुसऱ्यांदा उठवून त्याला पुन्हा खाऊ घातले जाते. चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोहोचतो. तिथे त्याला ‘तू इथे काय करतोस?’ असे दोनदा विचारले जाते, दोन्ही वेळा तो तेच गाऱ्हाणे तेवढ्याच कडवटपणे मांडतो, आणि दोन्ही वेळा ते ऐकून घेतले जाते. त्यानंतर त्याला काम नेमून दिले जाते, अलीशा हा सोबती दिला जातो, आणि तू एकटा उरलेला नाहीस, आणखी सात हजार जण आहेत, असे सांगितले जाते.

श्रद्धा आणि स्वास्थ्य यांचा संबंध कसा जोडावा, असा प्रश्न पडलेल्या ख्रिस्ती माणसाला मी प्रथम हा अध्याय वाचायला सुचवतो, कारण त्यात क्रम आहे : आधी शरीर, मग गाऱ्हाणे, मग काम आणि माणसे. आपण बहुधा हा क्रम उलटा लावतो. खचलेल्या माणसाला आधी ‘जास्त प्रार्थना कर’ असे सांगितले जाते, तो थकलेल्या शरीराने आणि मिटलेल्या तोंडाने ती करू पाहतो, ती जमत नाही, आणि मूळ दुःखावर आपली श्रद्धा उणी असल्याच्या अपराधभावाची भर पडते. पुढील मार्गदर्शन एलीयाच्याच क्रमाने लिहिले आहे.

सुरुवात करण्यापूर्वी एक अपेक्षा बाजूला ठेवावी लागते. ख्रिस्ती श्रद्धा मनःशांतीचे वेतन ठरवून देत नाही. प्रेषित पौलाने आपल्या ‘शरीरातील काटा’, म्हणजे न सुटणारा त्रास, दूर व्हावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली आणि त्याला काटा काढल्याचे नव्हे, तर कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले. समाधानाविषयीचे त्याचे सर्वांत प्रसिद्ध शब्द, म्हणजे फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र, बंदिवासातून आले आहेत, आणि त्यातही तो समाधानी राहायला आपण शिकलो असे म्हणतो, ते आपल्याला आपोआप लाभले असे म्हणत नाही. श्रद्धा ठेवली की आरोग्य आणि समृद्धी मिळणारच, असे सांगणारी शिकवण आजारी माणसावर दुहेरी ओझे टाकते, कारण बरे न होणे हाच तिच्या हिशेबी त्याचा दोष ठरतो. आंधळ्या जन्मलेल्या माणसाकडे बोट दाखवून ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने तो हिशेबच नाकारला, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात आहे.

शरीरापासून सुरुवात

पहिल्या दोन आठवड्यांत कोणतीही नवी आध्यात्मिक साधना हाती घेऊ नये. त्याऐवजी झोपेची आणि उठण्याची वेळ ठरवावी, जेवण चुकवू नये, आणि आठवड्यातला एक दिवस कामापासून खरोखर मोकळा ठेवावा. हा दिवस म्हणजे शब्बाथ. तो नियम म्हणून पाळताना माणसे इतकी थकतात की त्याचा हेतूच हरवतो, म्हणूनच शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे, हे येशूचे वाक्य मार्काने आपल्या शुभवर्तमानात नोंदवून ठेवले आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की त्या दिवशी करायच्या गोष्टींपेक्षा न करायच्या गोष्टींची यादी आधी करावी : कामाचे संदेश न पाहणे, उधारीचे हिशेब न काढणे, उरलेली कामे ‘तेवढी उरकून’ न घेणे. मंडळीत सेवा करणाऱ्यांचा, विशेषतः पाळकांचा आणि गायनवृंदातील लोकांचा, रविवार हा विश्रांतीचा दिवस नसतोच. त्यांनी दुसरा वार निवडावा आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागू नये. शिष्य प्रचाराहून परतले तेव्हा लोकांची ये-जा इतकी होती की त्यांना जेवायलाही सवड नव्हती, आणि येशूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले. लोक तेव्हाही वाट पाहत होतेच.

उपवासाबद्दल सावध राहावे. उपवास ही जुनी आणि मोलाची साधना आहे, पण मधुमेह, गर्भारपण, खाण्याशी संबंधित आजार किंवा तीव्र नैराश्य असताना अन्न सोडणे टाळावे आणि पाळकांशी बोलून त्याऐवजी दुसरे काही सोडावे. ज्या संदेष्ट्याला दोनदा उठवून जेवू घातले गेले, त्याची आठवण इथे पुरेशी आहे.

गाऱ्हाणे कसे मांडावे

स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. सामुदायिक उपासनेत आपण बहुधा स्तुतीचीच स्तोत्रे निवडतो, त्यामुळे देवापुढे तक्रार करणे हा विश्वासाचा अभाव आहे, असा समज नकळत तयार होतो. प्रत्यक्षात विलाप हा प्रार्थनेचा पूर्ण विकसित प्रकार आहे आणि त्याची रचना शिकता येते.

यासाठी 13 वे स्तोत्र घ्यावे, कारण ते अवघे सहा ओव्यांचे आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो : देव किती काळ विसरणार, किती काळ तोंड लपवणार, मी किती काळ मनाशी झुंजणार, शत्रू किती काळ वरचढ राहणार. पुढच्या दोन ओव्यांत मागणी आहे, आणि शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा. आता एक वही घ्यावी आणि याच साच्यात स्वतःचे लिहावे. आरंभी देवाला हाक मारावी, कारण त्यामुळे तक्रार केवळ कुढणे न राहता कोणालातरी उद्देशून केलेले बोलणे होते. मग ‘किती काळ?’ ने सुरू होणारी चार वाक्ये लिहावीत आणि ती नेमकी लिहावीत. ‘मला त्रास होतो’ असे न लिहिता ‘पहाटे तीनला जाग येते आणि वडिलांचे शेवटचे बोलणे आठवत राहते, हे किती काळ चालणार?’ असे लिहावे. मागणी एकच असावी आणि ती आजच्या दिवसापुरती असावी.

शेवटच्या दोन ओव्यांपाशी बहुतेक जण अडतात. भरवसा वाटत नसताना तो लिहायचा कसा? मनात नसलेले शब्द लिहिण्यापेक्षा ती जागा कोरी सोडलेली बरी, असे माझे मत आहे. कोऱ्या जागेला शास्त्रातच आधार आहे : 88 वे स्तोत्र भरवशाकडे वळतच नाही, ते अंधार या शब्दावर संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. येशूने वधस्तंभावर उच्चारलेले ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्दही एका विलापस्तोत्राचे, 22 व्याचे, पहिले शब्द आहेत. काही आठवड्यांनी वही उलटून पाहताना एखाद्या कोऱ्या जागी काही लिहावेसे वाटले तर लिहावे, आणि वाटले नाही तर जागा तशीच राहू द्यावी.

हे लेखन रोज करू नये. रोज तेच दुःख उगाळले की विलाप मागे पडतो आणि चिंतेचे चक्र सुरू होते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास पुरे.

रात्रीचा आढावा

दैनंदिन साधना म्हणून येशू संघाचे संस्थापक, सोळाव्या शतकातील संत इग्नेशियस लोयोला यांच्या परंपरेतील आढाव्याची प्रार्थना सुचवावीशी वाटते. ती झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटांत होते आणि तिला फारसे शब्द लागत नाहीत. दिवस घटनांच्या क्रमाने डोळ्यांपुढून न्यावा. कशाबद्दल कृतज्ञता वाटली ते देवाला सांगावे. कोणत्या क्षणी मन मोकळे व प्रेमळ झाले आणि कोणत्या क्षणी ते आक्रसले हे पाहावे. चुकले असेल तिथे एका वाक्यात क्षमा मागावी. आणि उद्याच्या एका नेमक्या प्रसंगासाठी साहाय्य मागून थांबावे. मन आक्रसल्याची नोंद हा स्वतःवरचा आरोप नसतो. आठ-दहा दिवसांनी त्या नोंदींमध्ये काही आकृती दिसू लागते : एखाद्या माणसाशी बोलल्यावर, एखादी सवय चाळवल्यावर किंवा नुसते उपाशी राहिल्यावर मन त्याच दिशेने जाते.

इग्नेशियस यांचा याला जोडलेला एक नियम सोन्यासारखा आहे : मन शुष्क आणि उदास असताना आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. नोकरी सोडणे, लग्न मोडणे, मंडळी बदलणे किंवा श्रद्धेलाच रामराम ठोकणे, असे विचार अशा रात्री अतिशय तर्कशुद्ध वाटतात. ते वहीत लिहून ठेवावेत आणि मन निवळल्यावर वाचावेत. याला एक अपवाद आहे : घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर सुरक्षित जागी जाण्याचा निर्णय मन निवळण्याची वाट पाहत थांबवू नये.

अपराधभाव : औषध कुठवर, आजार कुठून

पापांगीकाराने, म्हणजे पापांची कबुली दिल्याने, मन हलके होते, हा असंख्य ख्रिस्ती लोकांचा अनुभव आहे. त्यामागील यंत्रणाही समजण्यासारखी आहे : लपवण्यात खर्च होणारी शक्ती मोकळी होते, दुसरे माणूस ते ऐकूनही उठून जात नाही, आणि क्षमेचे शब्द बाहेरून कानावर येतात. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करण्याचा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करण्याचा जो आदेश आहे, तो आजारी माणसासाठीच्या प्रार्थनेच्या संदर्भात आला आहे. कबुली कॅथलिक परंपरेप्रमाणे धर्मगुरूंपुढे असो की एखाद्या विश्वासू ज्येष्ठापुढे, ती नेमकी, थोडक्यात आणि दुसऱ्याच्या पापाची कहाणी न सांगता करावी.

मात्र काहींच्या बाबतीत याच औषधाचा आजार होतो. 1522 साली स्पेनमधील मान्रेसा येथे खुद्द इग्नेशियस यांना अतिरेकी शंकांनी ग्रासले होते. केलेल्या पापांची कबुली पूर्ण झाली की नाही, या शंकेने ते पुन्हा पुन्हा कबुली देत राहिले. अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांग, असे सांगितले गेले, तर त्यांना सगळेच स्पष्ट वाटू लागले. जीव देण्याचे विचार आले, एक आठवडा त्यांनी अन्न सोडले, आणि धर्मगुरूंनी तो उपवास मोडायला लावला. शेवटी भूतकाळातील काहीही पुन्हा कबूल करायचे नाही, असा ठाम निश्चय त्यांनी केला, आणि तेव्हा सुटका झाली.

ओळखायचे कसे? खऱ्या पश्चात्तापाला नेमके कृत्य असते, ते सुधारण्याची काही वाट असते, आणि क्षमा मिळाल्यावर तो शमतो. शंकेच्या आजारात कृत्य धूसर असते, भरपाईची वाट सापडत नाही, आणि क्षमेने मिळालेला दिलासा काही तासही टिकत नाही. दुसरा प्रकार ओळखीचा वाटत असेल तर एकाच मार्गदर्शकाकडे जावे, जुन्या गोष्टींची फेरकबुली बंद करावी, आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, कारण विचारांच्या अशा सक्तीवर परिणामकारक उपचार आहेत.

देवाची कोणती प्रतिमा मनात आहे, यानेही फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 55 वर्षांवरील जवळपास 600 रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला होता. देवाने आपल्याला टाकले आहे किंवा देव आपल्यावर प्रेम करत नाही असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे श्रद्धेचा आशय तारक असू शकतो तसाच मारकही. असे विचार येत असतील तर ते दाबून ठेवू नयेत, वर सांगितलेल्या वहीत ‘किती काळ?’ च्या पुढे लिहावेत, आणि पाळकांपुढेही ठेवावेत.

माणसांत परतणे

टायलर वँडरवील यांच्यासह हार्वर्डमधील संशोधकांनी 2016 मध्ये 74,534 अमेरिकी परिचारिकांच्या दीर्घकालीन माहितीवरून असे दाखवले की आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, सोळा वर्षांच्या काळात मृत्यूचे प्रमाण 33 टक्क्यांनी कमी होते. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे उपासना हेच कारण असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. माझ्या दृष्टीने अधिक उपयोगी निष्कर्ष लिम आणि पुटनम या संशोधकांनी 2010 मध्ये मांडला : उपासनेला जाणाऱ्यांचे जीवनसमाधान वाढते ते प्रामुख्याने मंडळीत जवळचे मित्र असले तर. शेवटच्या बाकावर बसून आशीर्वादानंतर मुकाट निघून जाणाऱ्याला तो लाभ फारसा होत नाही.

म्हणून ध्येय ‘नियमित उपासनेला जाणे’ असे न ठेवता ‘मी न आल्यास चौकशी करतील अशी दोन माणसे असणे’ असे ठेवावे. त्यासाठी लहान प्रार्थनागट किंवा शास्त्राभ्यासाचा गट मोठ्या सभेपेक्षा बरा. पहिल्या भेटीतच सगळे दुःख ओतू नये. खुर्च्या मांडणे, आजाऱ्याला डबा पोहोचवणे, मुलांना वाचून दाखवणे असे छोटे काम मागून घ्यावे. खचलेल्या माणसाला बोलण्यापेक्षा हाताने काही करत बसणे सोपे जाते, आणि ओळख कामातूनच वाढते. एलीयालाही सोबती मिळाला तो कामाच्या आदेशासोबतच.

सोबत देणाऱ्यांसाठीही एक सूचना आहे. बायबलमधील सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ एक शब्दही न बोलता बसले, आणि तेवढे दिवस त्यांचे वागणे निर्दोष होते. बिघडले ते त्यांनी कारणमीमांसा सुरू केल्यावर. ‘यात देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य दुःखिताने स्वतः उच्चारले तर त्याचे आहे. दुसऱ्याने उच्चारू नये.

क्षमा

क्षमेविषयी थोडक्यातच सांगतो, कारण या विषयावर दडपण फार आणले जाते. क्षमा किती वेळा करावी, यावर येशूने दिलेले सत्तर वेळा सात हे उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात आहे, पण त्याच अध्यायात त्याआधी अपराध करणाऱ्याला एकांतात, मग साक्षीदारांसमोर, मग मंडळीसमोर जाब विचारण्याची रीतही सांगितली आहे. मनातून सूड सोडणे म्हणजे क्षमा. पुन्हा विश्वास ठेवणे म्हणजे समेट, आणि त्यासाठी समोरच्याचे बदललेले वर्तन लागते. पहिली गोष्ट एकट्याने, सावकाश करता येते. दुसरी लादता येत नाही, आणि अत्याचार करणाऱ्याच्या घरी परतणे हे तर ख्रिस्ती कर्तव्य मुळीच नाही.

वैद्याकडे केव्हा जावे

उदासी, रस नाहीसा होणे, झोप किंवा भूक बिघडणे, कामावर लक्ष न लागणे हे सलग दोन आठवडे टिकले, तर डॉक्टरांना भेटावे. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नये : त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे, एकटे राहू नये, आणि रुग्णालयात तातडीची मदत घ्यावी. चालू औषध प्रार्थनेनंतर बरे वाटले म्हणून स्वतःहून बंद करू नये; ते कमी करायचे असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने करावे.

यात श्रद्धेची हार नाही. पौलाचा सहकारी लूक हा वैद्य होता आणि पौल त्याचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा करतो. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स शास्त्रसंग्रहातील सिराखच्या पुस्तकाच्या 38 व्या अध्यायात वैद्याचा मान राखावा, कारण तोही देवानेच नेमला आहे, असे सांगताना प्रार्थना आणि औषध ही दोन्ही सोबतच येतात. विश्वास बळकट असला की नैराश्य येत नाही, ही समजूत तर इतिहासाला धरूनच नाही. इंग्रज भजनकार विल्यम कूपर (1731–1800) आयुष्यभर त्याच्याशी झगडत राहिले, आणि चार्ल्स स्पर्जन (1834–1892) हे आपल्या काळातील सर्वाधिक ऐकले जाणारे उपदेशक असूनही आपल्या खिन्नतेविषयी व्यासपीठावरून उघडपणे बोलत.

पडताळा

सहा आठवड्यांनी थांबून पाहावे. ‘मी आनंदी झालो का?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर त्या दिवशीच्या हवामानावरही अवलंबून असते. गलतीकरांस पत्रातील नऊ गुणांची यादी घ्यावी, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन, आणि त्यातील सहनशीलता व सौम्यता या दोनच गुणांविषयी घरात आपल्यासोबत राहणाऱ्या माणसाला विचारावे की गेल्या महिन्यात काही फरक दिसला का. उत्तर ‘नाही’ असे आले तर साधना वाढवू नये. झोप, जेवण आणि विश्रांतीचा दिवस खरोखर पाळला गेला का ते आधी तपासावे, आणि पाळला गेला नसेल तर पुन्हा तिथूनच सुरुवात करावी.